जप्त केलेल्या डब्यांचे पुढे काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई किंवा सणासुदीच्या तोंडावर, मुदत संपलेल्या वा फुगलेल्या हवाबंद डब्यांचा साठा अन्न व औषध प्रशासनाने जप्त केल्याच्या बातम्या येतात. त्यांत किलो असतात, रुपये असतात, कधी गोदामाचे छायाचित्रही असते. मात्र बॅच क्रमांक बहुधा नसतो, त्यामुळे तोच माल ज्याच्या फडताळात पडून आहे त्याला बातमी वाचूनही काही उमगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या केळवणासाठी आमरसाचा डबा घेताना मी झाकणावर अंगठा दाबला, तर पत्रा टक्कन आत गेला आणि अंगठा काढताच पुन्हा वर आला. मुदतीच्या जागी शाई पुसल्याचा डाग, त्यावर नवी तारीख. "उन्हाने फुगतात हो," असे दुकानदार म्हणाले. आंबट रस पत्र्याला लागून वायू धरतो, हेही खरे. पण अनेकदा तो वायू आतल्या जंतूंचा असतो, आणि मशरूम किंवा मक्यासारख्या कमी आंबट पदार्थांत ते बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे असू शकतात, ज्यांचे विष वासावरून वा चवीवरून ओळखता येईलच असे नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 38 प्रमाणे जप्त माल त्याच व्यावसायिकाच्या ताब्यात ठेवता येतो आणि त्यासाठी मालाच्या किमतीचे बंधपत्र घेता येते. नाशवंत माल बिघडला असेल तर लेखी नोटीस देऊन तो नष्ट करण्याची मुभाही तेथेच आहे. पण सीलबंद डब्याला 'नाशवंत' म्हणावे कसे? अन्न विश्लेषकाच्या अहवालासाठी कायद्याने 14 दिवस दिले आहेत, त्यावर अपिलासाठी आणखी 30. तोवर डबे ज्याच्याकडे सापडले त्याच्याच गोदामात. सगळे व्यापारी चोर नव्हेत, परंतु तारीख पुसून नवी छापणाऱ्याच्याच हाती किल्ल्या ठेवणे मला तरी पटत नाही.

मुदतबाह्य मालाची तिमाही माहिती उत्पादक व आयातदारांनी ऑनलाइन भरावी, असे केंद्रीय अन्न प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये सांगितले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला डबा त्या हिशेबात येत नाही. निदान राज्य प्रशासनाने प्रत्येक जप्तीचा बॅच क्रमांक त्याच दिवशी आणि माल नष्ट केल्याचा पंचनामा त्यानंतर आपल्या संकेतस्थळावर टाकावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक