अतिदक्षता विभागात खाटा मोजता, तशा पाळीवरच्या परिचारिकाही मोजा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

परिचारिकांचा ताण हलका व्हावा म्हणून रुग्णालयांत योग शिबिरं आणि व्याख्यानं भरवली जातात. हेतू चांगलाच आहे. पण रात्रपाळी करून, ओव्हर देऊन (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवून) निघालेल्या सिस्टरला त्यासाठी थांबवून घेतलं, तर तिची उरलीसुरली झोपही जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तेव्हा उपाय शोधायचा तो ड्युटी लिस्टमध्ये.

मराठवाड्याच्या आयसीयूत नेहमी दिसणारा रुग्ण म्हणजे कीटकनाशक प्यायलेला शेतकरी. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक पोटात गेलं असेल, तर सुरुवातीला ॲट्रोपीन या उताऱ्याचा डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावा लागतो, छाती मोकळी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. दर वेळी स्टेथोस्कोपने छाती ऐकायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, बीपी घ्यायचा. पुढे इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत थोडं थोडं औषध, लागलं तरी हे पुन्हापुन्हा बघावंच लागतं. औषध जास्त झालं की रुग्ण बरळतो, अंग तापतं, नळ्या उपसायला लागतो. कमी पडलं की छाती पुन्हा स्रावाने भरते. शिवाय पहिल्या एक ते चार दिवसांत, सगळं आटोक्यात आलं असं वाटत असतानाच, श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. त्याची आधी दिसणारी खूण अगदी साधी आहे. रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगायचं. उचलता आली नाही, तर तिथूनच डॉक्टरांना हाक मारायची. चार रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरला नेमकं हेच विचारायला सवड मिळत नाही.

कारण शेजारच्या खाटेवर व्हेंटिलेटर आहे. तिथे सक्शन करायचं, म्हणजे श्वासनळीतला स्राव ओढून काढायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, तासाची लघवी मोजायची. पलीकडे बीपी टिकवून धरणाऱ्या नॉरॲड्रेनालिनची सिरिंज संपत आलेली असते आणि ती रिकामी झाली, तर एक-दोन मिनिटांत बीपी कोसळतो. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड ही औषधं भरताना दुसऱ्या परिचारिकेने तपासायची असतात. दुसरी मोकळी नसेल, तर तपासणार कोण? काय करायला हवं ते पक्कं ठाऊक असून हात पुरत नाहीत, आणि आमच्या सहकारी सर्वांत जास्त खचतात त्या यानेच.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आयसीयूत एका खाटेमागे एक परिचारिका असा आहे, रजेसाठी ३० टक्के राखीव वेगळ्या. दहा खाटांचा हिशेब करून बघा. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि सात दिवस धरले, तर आठवड्याच्या २१० ड्युट्या होतात. एक जण आठवड्याला सहा ड्युट्या करते, म्हणजे ३५ जणी लागतात. राखीव धरून ४६. संपूर्ण रुग्णालयाची मंजूर पदं एकत्र दाखवली, की त्यातल्या किती जणी आज रात्री आयसीयूत उभ्या आहेत हे कळत नाही.

रात्र वेगळी बघायला हवी. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती रात्री आठ ते सकाळी आठ, सलग बारा तासांची असते. पहाटे तीन ते पाच या वेळात माणसाची सावधता सर्वांत कमी असते. आमची मागणी अशी, की सलग तीनपेक्षा जास्त रात्री लावू नयेत, त्यानंतर दोन पूर्ण ऑफ द्यावेत, आणि कुणी रजेवर गेलं म्हणून ते ऑफ मोडू नयेत. रात्रीत तीस मिनिटांची विश्रांती लेखी लावून द्यावी, तेवढा वेळ त्या खाटा कुणाकडे हेही लिहावं.

चादरींचा स्टॉक, औषधांचं इंडेंट (मागणीपत्र), महात्मा फुले योजनेचे कागद, विषबाधेच्या केसमध्ये पोलिसांना कळवणं... यातलं बरंचसं काम एक लिपिक करू शकतो. प्रत्येक आयसीयूला तिन्ही पाळ्यांत तो द्या. मॉनिटरच्या अलार्मचा त्रासही असाच कमी करता येतो. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदलले आणि अलार्मच्या मर्यादा रुग्णानुसार लावल्या, तर फुकटचा आवाज बराच कमी होतो. पण त्यासाठी इलेक्ट्रोड पुरेसे यायला हवेत.

समुपदेशन हवंच, फक्त ते त्याच रुग्णालयात ठेवू नका. जिथे सगळे ओळखतात, तिथल्या मानसोपचार ओपीडीत स्वतःच्या नावाचा केसपेपर काढायला सिस्टर धजावत नाहीत. लातूरच्या परिचारिकेला नांदेडचा समुपदेशक फोनवर मिळावा आणि त्याची नोंद सेवापुस्तकापर्यंत जाऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच, पण रुग्ण दगावल्यावर लगेच पुढचा रुग्ण त्याच खाटेवर घेणाऱ्या सिस्टरला आधी पंधरा मिनिटं सोडवणारं माणूस लागतं.

मराठवाड्यातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडून एकच तक्ता मागवा. सलग ३० दिवस रात्री दोन वाजता आयसीयूत किती रुग्ण होते, त्यातले व्हेंटिलेटरवर किती, आणि ड्युटीवर प्रत्यक्ष किती परिचारिका. तो संकेतस्थळावर टाका, आणि आयसीयूची पदं त्याच आकड्यांवरून स्वतंत्रपणे मंजूर करा.

आपल्या,
मराठवाड्यातील अतिदक्षता विभागांतल्या काही परिचारिका व परिचारक