काजू बीचा दर आणि आयात शुल्क

महोदय,
मार्च महिना लागला की आमच्या वेंगुर्ल्यात घराघरांत काजू बी वाळत पडते. पहाटे बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पिळून बी वेगळी करायची, उन्हात घालायची, पोत्यात भरून बाजारात न्यायची. यंदा वखारीवर पोते उतरवताच व्यापारी म्हणाला, "काकी, कालपेक्षा दर उतरला. बंदरात आफ्रिकेचा माल लागलाय." आईने पोत्याचे तोंड पुन्हा बांधले, पण परत नेण्याचे भाडे कोण देणार? दिली शेवटी त्याच दरात.

आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची बी आपल्या कारखान्यांना लागतेच, हे मान्य. आपल्या पिकावर वर्षभर कारखाना चालत नाही, आणि बी फोडणाऱ्या बायका आमच्याच गावच्या आहेत. म्हणून आयात बंद करा असे मी म्हणत नाही. पण २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरील आयात शुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आणले, तेव्हा बागायतदाराचा विचार झाला का? पश्चिम आफ्रिकेचा हंगाम आमच्याच हंगामाला चिकटून येतो. फेब्रुवारी ते मे एवढ्यापुरते तरी शुल्क वाढवावे, इतर महिन्यांत कमी असू द्या. रुपया घसरला की आयात महागते, तेवढाच आम्हाला आधार. आमचे पोट डॉलरच्या भावावर का टांगावे?

आणखी एक. भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, वेंगुर्ला काजूला आहे, पण पाकिटातला गर कुठल्या देशाचा, हे ठळक छापणे सक्तीचे करावे. गिऱ्हाईक चव ओळखते, त्याला निवडू द्या.

– एक काजू बागायतदार, वेंगुर्ले