पेनड्राइव्ह 'गेला' म्हणण्याआधी

संपादक महोदय,

परवा पोरीच्या लग्नाचे फोटो असलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो, लावल्यावर टुंग आवाज आला, लाइटही लुकलुकला पण ड्राइव्ह काही दिसेना, दुकानदार म्हणाला काका गेला हा, नवीन घ्या. घरी भाचा म्हणे मामा थांब जरा, आधी सीपीयूच्या मागचा पोर्ट बघू, पुढच्याला कधीकधी करंट कमी पडतो. तरी नाहीच. मग त्याने विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून आलेल्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट (जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी खिडकी) उघडलं, तिथे बघतो तर पठ्ठ्या निवांत बसलेला, नुसतं ड्राइव्हचं अक्षर (सी, डी असतं ते) नव्हतं त्याला! राइट क्लिक करून एफ दिलं अन् सगळे फोटो हजर, हळदीचे सुद्धा.

आणि हो, कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करायचं का', म्हणजे सगळं पुसायचं का, असं विचारलं की घाईत हो म्हणू नका (आमच्या शेजाऱ्यांनी तेच केलं), आधी रिकव्हरी सॉफ्टवेअरने (गेलेल्या फाइल परत काढणाऱ्या) डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच पेनड्राइव्हवर नको, नाहीतर जुन्यावरच नवीन लिहिलं जातं. दुकानदारांनीही नवीन खपवायच्या आधी दोन मिनिटं बघायला काय हरकत आहे?

– एक वाचक