ऑइलची काडी माझ्या हातात देणाऱ्या मेस्त्रीमामांस

आदरणीय मेस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठे छापू नये, असे आपण मला बजावले होते, म्हणून कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर एवढेच लिहिते. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. माझ्या गाडीचे अर्धे इंजिन कंपनीने अखेर वॉरंटीत, एक रुपयाही न घेता बदलून दिले. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा आपण "बरं झालं" एवढेच म्हणालात आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागलात. माझे आभार मात्र मनातच राहिले. ते चारचौघांत मांडावेत असे वाटले, कारण नवी गाडी ऑइल खाते म्हणून हेलपाटे घालणारी मी एकटीच नाही, हे या काळात मला चांगलेच कळले.

त्या हेलपाट्यांविषयी थोडे लिहिल्याशिवाय आपण काय केलेत ते वाचणाऱ्यांना कळणार नाही. पहिली सर्व्हिस होऊन फार दिवस झाले नव्हते. कोकणात सासरी जाताना करूळ घाटाच्या वळणांवर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागायचा, वळण सरले की विझायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा डोळा मारायचा. घरी परतल्यावर गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तेथील तरुणाने "सेन्सरचा प्रॉब्लेम असेल" असे सांगितले, गाडी आत नेली, गुपचूप ऑइल भरले आणि "फ्री टॉप-अप केलंय, मॅडम" म्हणून किल्ली माझ्या यजमानांच्या हातात ठेवली. गाडीवर केलेल्या कामाची नोंद ज्यावर होते, त्या जॉब कार्डावर या टॉप-अपची एक ओळही नव्हती. पुढे प्रत्येक वेळी हेच घडत गेले. "नवीन गाडी थोडं ऑइल खातेच", "रिंगा बसायला वेळ लागतो", "पुढच्या सर्व्हिसला बघू" अशी उत्तरे मिळत राहिली. कॉफी तेवढी दर वेळी वेगळ्या यंत्रातली असे. एकदा तर तिथल्या एका साहेबांनी, मी समोर उभी असताना, यजमानांना विचारले, "मॅडम रेस जास्त करतात का हो?" कोल्हापूर ते गारगोटी रोज ही गाडी मीच चालवते, गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत आणि हप्ता माझ्या पगारातून जातो. यजमान केवळ सोबतीला आले होते.

फुकट ऑइल मिळते आहे तर तक्रार कशाला, असे मला काहींनी विचारले. पण त्या फुकटच्या ऑइलमुळेच माझी गाडी कागदोपत्री ठणठणीत राहिली. कमी पडलेले ऑइल कोणी लिहिलेच नाही, म्हणजे ते कमी पडलेच नव्हते. उद्या वॉरंटी संपल्यावर इंजिन बसले असते, तर माझ्यापाशी दाखवायला काय होते?

अशा अवस्थेत शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून आपल्याकडे आलो. आपण प्रथम गाडी रस्त्याच्या चढावरून आत फरशीवर घ्यायला लावलीत. "गाडी चढाला उभी असली की काडी खोटं बोलते," हे आपले वाक्य मला अजून पाठ आहे. (काडी म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी पाहायची डिपस्टिक.) इंजिन बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत आपण आम्हाला चहा पाजलात. मग बॉनेट उघडलेत, काडी काढून पुसलीत, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढलीत आणि ऑइल ओघळू नये म्हणून आडवी धरलीत. यजमान पाहण्यासाठी पुढे वाकले, तेव्हा आपण त्यांना म्हणालात, "गाडी ताई चालवत्यात न्हवं? मग काडी त्यांनी बघायची," आणि ती काडी जुन्या धोतराच्या फडक्यासह माझ्या हातात दिलीत.

मामा, आपल्या दृष्टीने ही अगदीच किरकोळ गोष्ट असेल, कदाचित आपल्याला ती आठवतही नसेल. त्या काडीवर वर-खाली दोन खुणा होत्या आणि ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, केवळ टोकाला चिकटलेले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दोन खुणांमधले अंतर साधारण एका लिटरचे, हे आपण मला सांगितलेत. आपण मला काडी पुसून पुन्हा घालायला लावलीत, दुसऱ्यांदाही मीच वाचली आणि तेच दिसले. त्यानंतर आपण मला ऑइलचा वास घ्यायला लावलात. पेट्रोल मिसळले असेल तर वासावर कळते, आणि तसे झाले की ऑइल कमी होऊनही काडीवर पुरेसे दिसते, हे मला ठाऊक नव्हते. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून आपण ते माझ्यासमोर धरलेत: कोरडी काजळी असती तर ती झटकून गेली असती, ही चिकट होती, म्हणजे आत ऑइल जळत होते. एवढे महिने ज्या गाडीविषयी माझ्याशी कोणी धड बोलत नव्हते, तिचे सगळे आपण मला विचारून, मला दाखवून आणि माझ्याकडे पाहून सांगत होतात. परत येताना गाडीत मला रडू आले, हे यजमानांखेरीज कोणाला माहीत नाही. आता सर्वांना झाले.

आपण समजावलेत ते मी त्या रात्री वहीत उतरवून काढले. पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, धरतात आणि तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. हल्ली मायलेज वाढावे म्हणून रिंगांचा ताण कमी ठेवतात आणि ऑइलही पातळ वापरतात, त्यामुळे तिसरी रिंग कार्बनने आवळली किंवा मुळातच नीट बसली नाही, की ऑइल वर चढून पेट्रोलसोबत जळते. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर आला तर संशय व्हॉल्व्हच्या सिलांवर, आणि जोर दिल्यावर धूर आला तर रिंगांवर घ्यायचा. टर्बोचे सील आणि इंजिनातली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह यांचाही दोष असू शकतो. जळलेल्या ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त पुढे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतात, म्हणजे आज ऑइलचा खर्च आणि उद्या त्याहून मोठा. लाल दिव्याबद्दलही आपण ताकीद दिलीत, की तो ऑइलच्या पातळीचा नसून दाबाचा असतो, आणि तो लागेपर्यंत थांबणाऱ्याने इंजिनावर पाणी सोडायची तयारी ठेवावी.

सर्वांत मोलाचा ठरला तो आपला साधा हिशोब. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल जाणे चालण्यासारखे आहे असे छापतात, आणि सर्व्हिस सेंटरवाले त्याचाच आधार घेऊन गप्प बसवतात. त्यावर आपण म्हणालात, "बरं, हजाराला लिटर जाणं नॉर्मल हाय. इंजिनात बसतंय साडेतीन-चार लिटर. आणि बदलायचं धा हजाराला. मग पाच हजाराला इंजिनात काय ऱ्हाईल?" पुढे कंपनीच्या इंजिनिअरांपुढे मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही, पण गाडी ठेवून घेतली.

आपण इंजिनाला हात लावला नाहीत. खोलून पाहण्याची विनंती मीच केली होती, पण "आत्ता एक बोल्ट जरी मी ढिला केला तर सगळं माझ्यावर ढकलून मोकळी हुतील" असे सांगून आपण मला परत त्यांच्याकडेच धाडलेत, आणि जाताना बिलबुकाच्या पानावर तारीख, किलोमीटर, "ऑइल खालच्या खुणेच्या खाली, बाहेर गळती नाही" असे लिहून खाली सही ठोकलीत. त्या कागदाला कायद्यात किती वजन, ते वकील जाणोत. त्या दिवसापासून मात्र लेखी उत्तराशिवाय मी सर्व्हिस सेंटरचा उंबरा ओलांडला नाही आणि टॉप-अपची नोंद जॉब कार्डावर होईपर्यंत किल्ली घेतली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, हेही मी तिथे नम्रपणे कानावर घातले. पुढचा पत्रव्यवहार कंटाळवाणा आहे. शेवटी ऑइल भरायच्या झाकणाला आणि ते खाली सोडायच्या ड्रेन बोल्टला सील लावून ऑइलची मोजणी झाली, इंजिन उघडले आणि दोन सिलिंडरांच्या ऑइल रिंगा चिकटलेल्या निघाल्या. माझ्या रेस करण्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

त्या सर्व्हिस सेंटरमधली मुलेही वाईट होती असे मला वाटत नाही. गाडीतला दोष कबूल करायचा अधिकारच त्यांना नसावा, आणि वरून टार्गेट असणार. पण दिसले ते दिसले म्हणायला अधिकार लागतो का? ज्या उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिने घडली, जिथल्या फाउंड्रीतले ओतकाम देशभरच्या गाड्यांत जाते, तिथे लेथवर आणि फिटिंगच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसांना आपल्या मापाची शरम नसते. जॉब कमी भरला तर ते कमी भरला म्हणतात, मग तो कोणाचाही असो. माझे वडील शिरोलीच्या एमआयडीसीत टर्नर होते, आणि मायक्रोमीटरवरचा आकडा ते साहेबासमोरही बदलून सांगत नसत. आपल्या गॅरेजात बसले असताना मला त्यांची आठवण येत होती. आपल्याकडे हाताखाली शिकणारी दोन पोरे मी पाहिली. गिऱ्हाईक बाई असेल तर काडी बाईच्या हातात द्यायची, हे ती आपसूकच शिकत असतील, आणि कोणत्याही चकचकीत शोरूमच्या ट्रेनिंगपेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते.

त्या दिवशी आपण भरलेल्या अर्ध्या लिटर ऑइलचे डब्यावर छापलेले पैसे तेवढे घेतलेत, तपासणीचे विचारले तर "बघायला काय पैसं पडत्यात?" म्हणून हात जोडलेत. दुरुस्त झालेल्या इंजिनाचे १,००० किलोमीटर आता पुरे होत आले आहेत आणि आपण सांगितल्याप्रमाणे दर रविवारी सकाळी, गाडी सपाटीला उभी करून, मी स्वतः काडी पाहते. ऑइल वरच्या खुणेपासून हललेले नाही. तरीही येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी आपल्याकडे आणते आहे; एकदा आपणही पाहावे आणि या वेळी तपासणीची मजुरी घ्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे. ती नको असेल तर त्या दोन पोरांच्या हाती काय द्यावे, ते तरी आधी कळवावे.

आपली कृतज्ञ,
आपल्या गॅरेजची एक गिऱ्हाईक
राजारामपुरी, कोल्हापूर