‘थोडीशीच शुगर’ म्हणालास म्हणून

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू हसत म्हणालास, “रिपोर्टात थोडीशी शुगर आलीय मर्दा. पण मी काय तुझ्यासारखा पैलवान गडी नाही. काटकुळ्या माणसाला काय होतंय?” मी तेव्हा गप्प बसलो, वहिनी शेजारी असतील म्हणून. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

गेल्या वर्षी मला टीबी झाला हे तुला ठाऊक आहे. तो सापडला कसा, हे मात्र कुणाला नीट सांगितलं नाही. तीन आठवडे खोकला. गुऱ्हाळावर हिशेबाला बसतो, चुलवाणाच्या धुरानं असेल असं घरात सगळे म्हणायचे. संध्याकाळी अंग तापायचं, सदरे ढिले झाले. पोट उतरतंय म्हणून मला बरंच वाटलं. थुंकीत जंतू सापडले तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, “शुगर कधी तपासलीय?” कधीच नव्हती. उपाशीपोटी २८६ निघाली, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ११.२.

तालीम सुटली, जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र सुटला नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, जेवताना तूप, रविवारी तांबडा-पांढरा. मातीत घाम गाळणाऱ्याचं जेवण मी खुर्चीत बसून पंधरा वर्षं जेवलो. अंगानं दांडगा दिसायचो, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

आपल्याकडं कितीतरी जणांच्या अंगात टीबीचा जंतू गप्प पडून असतो. शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला कोंडून ठेवतात. रक्तात साखर कायम चढलेली राहिली की याच पेशी सुस्तावतात. जंतूपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी त्याला नीट मारू शकत नाहीत. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन-तीन पट असतो, तो यामुळं. बरं, हे एवढ्यावर थांबत नाही. आजारपणात शरीर अशी संप्रेरकं सोडतं की शुगर आणखी वाढते. त्यात टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधानं शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. सहा महिने मी स्वतःच्या पोटात इन्सुलिन टोचत होतो सुन्या, आणि आई दाराआड उभी राहून रडायची.

२०२१ चा उन्हाळा आठव. माझा मावसभाऊ कोरोनातून उठला आणि काळ्या बुरशीनं त्याचा डोळा गेला. ती बुरशी मातीत, हवेत सगळीकडंच असते, धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. त्याची शुगर आधीच हाताबाहेर होती, त्यात स्टेरॉइड्सनी ती आणखी चढली. असे कितीतरी जण त्या वर्षी गेले.

आता तुझ्या काटकुळेपणाचं. तू राहतोस त्याच पुण्यात, केईएम हॉस्पिटलमध्ये, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघंही सडसडीत, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपली माणसं वरून बारीक दिसली तरी आतून तशी असतीलच असं नाही. तुझे वडील बारीकच होते, आणि शुगरनंच गेले. हे लिहिताना हात अडखळतोय, पण लिहितो.

तुझी एचबीएवनसी ६.३ आहे. अजून मधुमेह नाही, उंबरठा आहे. चालणं आणि जेवणातला भात-साखर सांभाळली तर इथून मागं येता येतं. मला ही संधी मिळाली होती की नाही, तेही कळलं नाही, कारण मी कधी तपासलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासून घे. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर कफ सिरपवर दिवस काढू नकोस.

शनिवारी येतोयस ना? रिपोर्ट घेऊन ये. पहाटे साडेपाचला तुझ्या दारात उभा राहीन, रंकाळ्याला पूर्ण चक्कर मारू. मला अजून मध्येच दम लागतो, तेव्हा जरा हळू चाल.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळू