गोळ्या घरी भरून तुटवडा मिटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. नेमबाजीच्या मुलांना गोळ्या मिळत नाहीत अशी ओरड आहे तर अमेरिकेत लोक घरच्या घरी काडतुसं परत भरतात तसं आपल्याकडे का नाही करत, निम्म्या पैशात काम होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्र चांगल्या मनाने लिहिलंय यात शंका नाही, पण माझी मुलगी पाच वर्षं 25 मीटर पिस्तूल खेळतेय आणि तिच्या खर्चाची वही मी स्वतः लिहिते, त्यामुळे ते "निम्म्या पैशात" वाचून मला गप्प बसवेना. घाईत लिहितेय, बँकेतून आल्यावर, कुठे चुकभूल झाली तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्या मुली ज्या गोळ्या वापरतात त्या परत भरताच येत नाहीत. पॉइंट टू टू म्हणतात ती गोळी, तिच्यात ठिणगी पाडणारा मसाला केसच्या, म्हणजे पितळी कवचाच्या, बुडाच्या कडेत आतून पसरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि गोळी सुटते. एकदा चेपलेली कड गेली ती गेलीच. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध प्रायमर म्हणजे वेगळी टोपी असते, ती काढून नवी बसवता येते म्हणून ते परत भरता येतं. म्हणजे राही सरनोबतने 2018 ला एशियन गेम्सचं गोल्ड घेतलं ती 25 मीटर पिस्तूल, किंवा स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ आणलं ती 50 मीटर रायफल, हे सगळं पॉइंट टू टूवर चालतं, आणि तिथे घरी भरायचा प्रश्नच येत नाही. परत भरण्याचा विषय आहे तो थर्टी टूचा, म्हणजे मधोमध टोपी असलेल्या मोठ्या काडतुसाचा, सेंटर फायर पिस्तूल खेळणाऱ्या पुरुषांचा. तो इव्हेंट ऑलिंपिकमध्ये नाही पण वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आहे आणि आपल्या नॅशनललाही होतो. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

आता अमेरिकेचं. माझा मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो, वीसेक वर्षं झाली, आणि तो हे घरी भरायचं काम स्वतः करतो, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये. 2022 च्या डिसेंबरमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा मुलीला ते बघायचंच होतं. गॅरेजमध्ये एका जाड लाकडी टेबलाला लोखंडी प्रेस बोल्टने घट्ट बसवलेला, उसाच्या रसाच्या गाड्यावर असतो तसला लांब दांडा. रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरून, वेचून आणलेल्या रिकाम्या केस आधी एका फिरत्या डब्यात तासभर घोळवल्या, तो आवाज अगदी तांदळाच्या गिरणीसारखा, मग एकेक केस प्रेसमध्ये, दांडा खाली की जुनी टोपी खालच्या डबीत टक्कन पडते आणि फुगलेली केस परत मापात येते, मग नवी टोपी, मग बंदुकीची दारू मोजून, मग वर शिशाचा गोळा. दारू टाकली की पन्नास केस एका भोकाभोकाच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून तो टॉर्च मारून प्रत्येकीत वाकून बघायचा. दोनदा पडली तर पिस्तूल हातात फुटतं म्हणाला, आणि तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, फोन पण बाहेर ठेवायचा. त्या दिवशी पन्नास गोळ्यांना आमचा पाऊण तास गेला. त्याच्याकडे साधा प्रेस आहे, महागडे जे असतात त्यावर भराभर होतं, पण तपासणी चुकत नाही कुणालाच.

त्याने मला त्याची हिशोबाची डायरी दाखवली. (आमच्या घराण्यात वह्या लिहायची सवय आजोबांपासून आहे.) 2020 च्या आधी तिकडे नाइन एमएम या पिस्तुलाच्या नेहमीच्या काडतुसाची पन्नास गोळ्यांची पेटी दहा डॉलरच्या आसपास यायची, म्हणजे गोळीमागे 20 सेंट. घरी भरली तर टोपी 3 सेंट, दारू 2, वरचा गोळा 8 ते 9, केस आपलीच जुनी, म्हणजे 14 सेंटला गोळी. वाचले किती, तर 6 सेंट. भराभर काम करणारा चांगला प्रेस आणि त्याचं बाकीचं सामान घ्यायला 500 डॉलर सहज जातात, म्हणजे आठ हजारांच्या वर गोळ्या भराव्या तेव्हा नुसती मशीन फिटते, आणि त्यात स्वतःच्या वेळेचा एक पैसा धरलेला नाही. थर्टी टूसारखं कमी खपणारं काडतूस असेल तर कारखान्याची पेटीच इतकी महाग असते की घरी भरणं नक्की परवडतं, ते मी मान्य करते, पण जी गोळी ढिगाने विकली जाते तिच्यात फायदा असा चिल्लरच आहे.

आणि आता तुटवड्याचं बघा, कारण पत्रलेखकांचा सगळा मुद्दा तुटवड्यावर आहे. 2020 च्या मार्चमध्ये कोविड आला, लोकांनी घाबरून पहिल्यांदाच बंदुका घेतल्या, त्यात निवडणुकीचं वर्ष, आणि जुलैमध्ये रेमिंग्टन ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिकडे टोप्या बनवणारे मोठे कारखाने मोजून चार, त्यातलाच एक त्यांचा. 2021 पर्यंत तीच दहा डॉलरची पेटी तीस-चाळीस डॉलरला गेली. आता तुम्ही म्हणाल की मग तर घरी भरणाऱ्याची चांदी, 14 सेंटची गोळी समोर 70 सेंट. कागदावर चांदीच. पण टोपी कुठे होती? कारखान्यांनी ज्या टोप्या केल्या त्या आधी स्वतःच्या तयार काडतुसांना लावल्या, सुट्या विकायला आल्याच नाहीत, आणि आल्या तेव्हा हजाराचा बॉक्स जो तीस डॉलरला मिळायचा तो माझ्या भावाने ओळखीने शंभरला घेतला, तोही एकच. त्याच्या गॅरेजमध्ये टोप्यांचं शेल्फ आम्ही गेलो तेव्हाही अर्धं रिकामं होतं. प्रेस आहे, दारू आहे, केसची बादली भरलेली आहे, आणि टोपी नाही. दर शनिवारी दोनशे राउंड मारणारा माणूस महिन्याला शंभरावर आला. म्हणजे घरी भरल्याचा फायदा सगळ्यात मोठा दिसत होता नेमक्या त्याच वर्षी त्याला भरता येत नव्हतं. ज्यांनी 2019 ला स्वस्तात माल भरून ठेवला होता ते तरले, आणि त्यांनी प्रेसऐवजी तयार पेट्या भरून ठेवल्या असत्या तरी ते तरलेच असते. तेव्हा वाचवलं ते साठ्याने, मशीनने नाही, हे कृपया कुणीतरी त्या वाचकांपर्यंत पोचवा.

आपल्याकडे तर कायदाही वेगळा आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात काडतुसाचे सुटे भाग आणि ती बनवायची मशीनसुद्धा येते, म्हणजे लायसन्सशिवाय नुसता प्रेस घरात आणला तरी तो गुन्हा होऊ शकतो. दारूला तर स्फोटकांचे नियम आणखी वेगळे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी वर्तकनगरला सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते, शेजारी तान्हं बाळ आहे, खाली सोसायटीचं मीटर रूम. दारूचा डबा मी कुठे ठेवू, देवघराच्या खाली? माझ्या भावाचं गॅरेज घरापासून वेगळं आहे, आजूबाजूला मोकळी जागा आहे. त्याचं बघून ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये तसं करा असं कुणी कृपया मुलांना सुचवू नये, वय अठरा-एकोणीस, युट्यूब बघून काहीही करायला निघतात.

खरा त्रास काय आहे ते सांगते. माझी मुलगी क्लबचं पिस्तूल आणि क्लबचीच अम्युनिशन वापरते. 25 मीटरची मॅच म्हणजे 30 प्रिसिजन (सावकाश नेम धरून), 30 रॅपिड (झटपट), आणि प्रत्येक स्टेजच्या आधी 5 सायटर म्हणजे चाचणीच्या गोळ्या, अशा 70 गोळ्या. आठवड्याला अशा चार प्रॅक्टिस धरल्या तर 280, वर्षाला चौदा हजार. आता गोळीमागे फक्त पाच रुपये वाढले तर वर्षाला सत्तर हजार रुपये वाढतात. ते आम्ही कसेबसे करू, एफडी मोडू, गावच्या घराचं रंगकाम पुढे ढकलू. पण गोळीच नसली तर पैसे हातात असून काय उपयोग. मागे एकदा राज्य स्पर्धेच्या तोंडावर क्लबची ऑर्डर अडकली, कुठे अडकली ते आजपर्यंत आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, डीलरला फोन केला की पुढच्या सोमवारी, सोमवारी केला की बोट यायचीय. तीन आठवडे पोरीने क्लबमध्ये रिकाम्या पिस्तुलावर भिंतीवरच्या काळ्या टिकलीवर नेम धरला, ट्रिगर, खाली, ट्रिगर, खाली, ठाण्याहून पनवेलला रोजचा तेवढा प्रवास करून. तेही गरजेचं असतं, कोच सांगतात, पण रॅपिडमध्ये तीन सेकंदात हात वर येऊन गोळी सुटल्यावर जो धक्का बसतो तो रिकाम्या पिस्तुलात येत नाही. शेवटी स्पर्धेच्या चार दिवस आधी दुसऱ्याच कंपनीची पेटी मिळाली, आणि ती त्या पिस्तुलाला मानवली नाही, दुसऱ्याच सिरीजला, म्हणजे पाच गोळ्यांच्या फेरीला, स्लाइड अर्धी मागे येऊन अडकली. रेफरीने बघून सिरीज पूर्ण करू दिली पण तिचे हात थंडगार पडले होते, मी मागे बसून बघत होते. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही.

लोकांना वाटतं गोळी म्हणजे गोळी. तसं नाही हो. चांगले नेमबाज एकाच बॅचच्या, म्हणजे लॉटच्या गोळ्या आधी तपासून घेतात, कुठला लॉट आपल्या नळीला बसतो ते बघतात आणि मग तोच सिझनभर वापरतात. आपल्याकडे मोठ्या स्पर्धांत चालतात त्या कंपन्यांच्या गोळ्या बाहेरूनच येतात, एले इंग्लंडहून, आरडब्ल्यूएस, एसके आणि लापुआ जर्मनीतून. तिकडे 2022 पासून युक्रेनच्या लढाईमुळे दारूला लागणारा कच्चा माल आधी सैन्याकडे जातो. तिकडे टंचाई झाली की इकडे पनवेलच्या रेंजवर ती पोचतेच, फक्त काही महिने उशिराने आणि कुणी आधी न सांगता.

मग मला काय हवंय? माझ्या मते क्लबांनी महिन्याच्या महिन्याला घ्यायच्या ऐवजी संघटनेमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांची मागणी एकत्र करून वर्षाची ऑर्डर एकदाच, स्पर्धांचा सिझन संपला की लगेच द्यावी, आणि माल कुठवर आलाय ते नोटीस बोर्डावर लावावं. एवढं केलं तरी आमची अर्धी चिंता जाईल, तारीख माहीत असली की कोच प्रॅक्टिस तशी आखतो. दुसरं म्हणजे आपल्याच राज्यात खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे, वरणगावला आहे, 2021 मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून कंपन्या झाल्या त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे. एवढं सगळं दारात असताना स्पर्धेच्या तोडीची पॉइंट टू टू आपण का बनवू नये? सुरुवातीला मॅचला नाही, नुसत्या प्रॅक्टिसला चालेल अशी बनवली तरी परदेशी पेट्या स्पर्धेसाठी राखून ठेवता येतील, चौदा हजारातल्या दहा हजार तरी इथल्या होतील. आणि थर्टी टूवाल्या खेळाडूंसाठी मी म्हणते की परत भरण्याची परवानगी द्यायचीच तर ती घराघरात देऊ नका, रेंजवर, लायसन्स घेऊन, शिकलेल्या आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या कारागिराच्या, हातात द्या, केस तिथेच वेचल्या जातात, तिथेच मोजल्या जातील. त्यात त्यांचे पैसे खरंच वाचतील, पण टोप्या आणि दारूचा पुरवठा आधी पक्का करूनच, नाहीतर माझ्या भावासारखं रिकाम्या शेल्फसमोर उभं राहावं लागेल.

ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर मॅडमनी पनवेलला रेंज उभी केली, त्यामुळे ठाणे, ऐरोली, खारघरच्या कितीतरी मुलींना वरळीपर्यंत जायची वेळ येत नाही. रेंज आहे, कोच आहेत, पोरी पहाटे पाचला उठून जायला तयार आहेत. तुमच्या क्रीडा प्रतिनिधींना विनंती आहे की पदकाच्या दिवशी तर याच, पण एकदा साध्या मंगळवारी या आणि स्टोअरच्या खिडकीत विचारा, आज किती राउंड शिल्लक आहेत आणि पुढची पेटी कधी येणार. जे उत्तर मिळेल ते छापा. पुढची राज्य स्पर्धा यायच्या आत छापलंत तर फार बरं होईल, आमच्या क्लबची पेटी अजून आलेली नाही.

आपली नम्र,
एका नेमबाज मुलीची आई
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)