‘रन’चा अर्थ वाक्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या भाचीच्या वहीत ‘रन म्हणजे धावणे’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच पानावर खाली भाषांतरासाठी वाक्य होतं, ‘माय अंकल रन्स अ स्कूल’. तिने लिहिलं, ‘माझे काका शाळा धावतात.’ लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग खोडलं, पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा खोडलं. कागद तिथे पार विरला. वाक्य बरोबर नाही हे तिला कळत होतं, पण अर्थ तर फळ्यावरून उतरवून घेतलेला, तो चुकीचा कसा असेल? मी एवढंच विचारलं, ‘काका त्या शाळेचं काय करतात गं?’ ती लगेच म्हणाली, ‘चालवतात.’ शब्द तिच्या तोंडात होताच, वहीतल्या त्या एका अर्थाने त्याची वाट अडवली होती.

मी बरीच वर्षं भाषांतराचं काम करते. ही अडवणूक रोज बघते, म्हणून हे पत्र.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत अर्थांच्या संख्येत ‘सेट’ हे क्रियापद आघाडीवर होतं, ४३० अर्थ. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद तपासायला घेतली, तर एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्या एका नोंदीला नऊ महिने लागले. तीन अक्षरी इंग्रजी शब्द, आणि एका जाणत्या माणसाचे नऊ महिने! आपण मात्र मुलांच्या हाती त्यातला एक अर्थ ठेवतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो.

बरं, पाण्याचं वाहणं हा अर्थही काही नंतर चिकटलेला नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ धावणं होता तसा वाहणंही होता. म्हणून नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दी झाली की नाकही. धुण्यात कपड्याचा रंग ‘रन’ झाला तर आपण म्हणतो रंग गेला. यंत्रं आली तेव्हा इंग्रजीने त्यांच्यासाठीही हाच शब्द वापरला, आणि संगणक आल्यावर प्रोग्रॅमसाठीही.

इथे मला मराठीचं फार कौतुक वाटतं. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. यंत्र चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो, घर चालतं. निवडणुकीचं तर बघा : अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो उभा राहतो, आणि आपल्याकडे उभा राहतो तसा निवडणूक लढवतोही. अंगात ताप ‘रन’ होत नाही, तो येतो, चढतो, उतरतो. साखर ‘रन आउट’ झाली की ती संपते. हे सगळं आपल्याला येतं, कुणी शिकवलेलं नसतानाही.

मग छापील मजकुरात ते का विसरतो? मध्यंतरी एका पंपाच्या माहितीपत्रकात वाचलं, ‘पंप कोरडा धावू देऊ नका.’ कुठलाही मिस्त्री सांगेल, ‘पंप कोरडा चालवू नका’, म्हणजे आत पाणी नसताना सुरू करू नका, सील जळेल. पत्रक वाचणाऱ्याला ‘धावू’पाशी थबकावं लागलं, तर ती सूचना वाया गेली. भाजल्यावर काय करावं याच्या एका कागदावर ‘धावत्या पाण्याखाली धरा’ असं होतं. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, असा तो सल्ला आहे. ‘वाहत्या’ हा शब्द तिथे मोलाचा, कारण भांड्यातलं साठलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातात असा कागद देताना शब्द नेमका असायलाच हवा. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवरही ‘इन द लाँग रन’साठी ‘दीर्घ धावेत’ वाचलं आहे. ‘पुढे जाऊन’ किंवा ‘कालांतराने’ लिहिलं असतं तर कुणाला अडलं नसतं.

धाव हा शब्द कुठेच नको, असं मात्र माझं म्हणणं नाही. शिवणकामात ‘रनिंग स्टिच’ला धावदोरा म्हणतात. सुई कापडातून पुढे पुढे जाते, दोरा मागोमाग धावतो, किती नेमकं नाव आहे! क्रिकेटमधली ‘धाव’ही अशीच रुजली. चौकार गेला की फलंदाज जागचा न हलता चार धावा मिळतात, आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. ज्यांनी हे शब्द घडवले त्यांनी आधी ती क्रिया पाहिली होती. पंपाच्या पत्रकात तेवढंच राहून गेलं.

शिक्षकांना माझी विनंती आहे : फळ्यावर शब्दापुढे अर्थ लिहू नका, शब्दाची चार वाक्यं लिहा आणि मुलांना विचारा, इथे आपण काय म्हणतो? आणि संपादक महोदय, आपल्या अंकात आठवड्यातून एकदा चार बोटं जागा अशा एका इंग्रजी शब्दाला द्यावी, ही आपल्याला विनंती. ‘सेट’, ‘टेक’, ‘गेट’, ‘ब्रेक’ रांगेत उभेच आहेत. वाचकांनी आपापल्या कामातले मराठी पर्याय कळवावेत. शिंपी, मिस्त्री, परिचारिका यांच्या तोंडचे शब्द मला अजून कुठल्याच कोशात पुरेसे सापडलेले नाहीत. पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर जुळवून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

कळावे,
आपली,
एक वाचक